मिलम हे भुताचं गाव नाहीये: हिमालयात ग्रुप नेणाऱ्या तमाम मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

म्हणजे ट्रेक लीडर, आयोजक, दर दिवाळीला आणि मे महिन्यात पन्नास-पन्नास जणांच्या बॅचा काठगोदामला उतरवणारे, शिवाय ते सगळे जे तिथे जाऊन रील बनवतात, तुम्हा सगळ्यांनाच हे पत्र आहे. लांब होणारे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

झालं असं की मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एका ट्रेकची जाहिरात टाकली. काळानिळा फिल्टर मारलेला फोटो, पडकी दगडी भिंत, वर लाल अक्षरात "हिमालयातलं भुताचं गाव! इथे एक रात्र काढायची हिंमत आहे??" आणि खाली ते कवटीचं चित्र. मी फोटो मोठा करून बघितला आणि भिंत ओळखली. मिलमची. उत्तराखंडात पिथौरागढ जिल्ह्यात, मुनस्यारीच्या वर, गोरी नदीच्या काठानं पार टोकाला. कुठल्या ग्रुपची जाहिरात ते सांगत नाही, कारण त्या एकाचंच नाव घेणं बरोबर नाही, नंतर शोधलं तर अशा आणखी तीन-चार सापडल्या आणि सगळ्यांत तेच, भूत, शाप, ओसाड, रहस्य. एकात तर म्हटलंय की गाव "एका रात्रीत" रिकामं झालं. एका रात्रीत! राजस्थानातल्या ओसाड कुलधरा गावाची गोष्ट उचलून इकडे चिकटवली बहुतेक.

आता माझी थोडी ओळख. जन्म डोंबिवलीचा, गाव राजापूर तालुक्यातलं. आमच्या वाडीत बावीस घरं, त्यातल्या चौदा घरांना वर्षातले दहा महिने कुलूप. गणपतीला आणि शिमग्याला या, पाय ठेवायला जागा नसते, ओटीवर सुद्धा माणसं झोपलेली असतात. गणपती गेले की कुलूप. पाऊस खाऊन एखादी पडवी कोसळते, मग पुढच्या मे महिन्यात काका येऊन चिरे रचतात, वाशांना पैसे नाहीत म्हणून वर पत्रे टाकतात. आता अशा घराचा पावसाळ्यात फोटो काढून कुणी लिहिलं की कोकणातलं भुताचं गाव, तर आमचे काका त्याला मुंबईत शोधून काढतील. मिलमचं अगदी हेच आहे. चाकरमानी परत गेल्यावर तुम्ही गावात जाताय आणि म्हणताय, अरेच्चा, इथे तर कुणीच नाही.

मला हे कळायला बारा वर्षं लागली त्यामुळे शहाणपणा शिकवायचा माझा हक्क तसा कमीच आहे.

पहिल्यांदा गेले २०११ ला, दिवाळीच्या सुट्टीत. आम्ही नऊ जण, काठगोदामवरून जीपने मुनस्यारी, पुढे सगळी पायपीट. तेव्हा रस्त्याचं काम खालीच कुठेतरी चालू होतं. लीलम, मग ते बुगड्यार, जिथे दरी इतकी अरुंद होते की दुपारी दोनला ऊन जातं, मग नाहर देवीच्या आसपासचे कडे, गोरीचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलायचं, आणि रिलकोटच्या पुढे एकदम, म्हणजे खरंच एकदम, दार उघडल्यासारखी दरी रुंद होते. झाडं संपतात. दोन्ही बाजूंना गवताळ उतार, त्यावर दगडी गावं. मर्तोली, बुर्फू, बिल्जू आणि शेवटी मिलम. उंची चौतीसशे मीटरच्या आसपास, पुढे गोरी ज्याच्यातून निघते ती मिलम हिमनदी, सोळा-एक किलोमीटर लांब, आणि तिच्या डोक्यावर हरदेवल, त्रिशूली ही सात हजारांच्या वरची शिखरं. ऑक्टोबर संपत आलेला, आम्हाला वाटेत मेंढपाळ उतरताना भेटले होते, कुत्री, शेळ्या, खेचरांवर बांधलेली भांडी, एका बाईच्या पाठीवर पत्र्याची ट्रंक. आम्ही त्यांना "जुले" म्हणालो. लडाखचं अभिवादन कुमाऊंत! ते बिचारे हसून "नमस्कार" म्हणाले. आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही जी माणसं खाली चालली आहेत, त्यांच्याच घरात आपण चाललोय.

मिलमला पोचलो, गाव रिकामं. शेकडो घरांच्या भिंती, त्यातली बरीचशी बिनछपराची, मधून दगडी गल्ल्या, दारांच्या चौकटींवर कोरीव काम, वेलबुट्टी, मोर-बिर. थंडी अशी की बाटलीतलं पाणी गोठलं. त्या रात्री आम्ही शेकोटी केली. लाकूड कुठून आणलं? तिथे झाडं नाहीत, सांगितलं ना. एका घराच्या खिडकीची चौकट निखळून बाहेर पडलेली होती, कोरलेली, तीच फोडली. "पडलेलंच आहे की", असं कोण म्हणालं ते आता आठवत नाही, कदाचित मीच. छान पेटली. देवदारासारखा वास येत होता. भुताच्या गोष्टी सांगितल्या आम्ही रात्री अकरापर्यंत.

हे लिहायला मला जड जातंय, पण हे लिहिल्याशिवाय तुम्हाला काही सांगणं म्हणजे दांभिकपणा.

परत आल्यावर वाचायला लागले, आधी सहज, मग वेड लागल्यासारखं. आणि लाज वाटायला लागली ती तेव्हापासून. कारण आम्ही जिथे भुताच्या गोष्टी सांगत बसलो होतो ते गाव म्हणजे एके काळची पेठ होती हो. कुमाऊंतल्या मोठ्यातल्या मोठ्या गावांपैकी एक. जोहार खोऱ्यातले हे लोक, शौका म्हणतात त्यांना, सरकारी कागदावर भोटिया, रावत, पांगती, मर्तोलिया, बुर्फाल, धर्मशक्तू अशी आडनावं, त्यातली काही तर सरळ गावावरून पडलेली, आपल्याकडे कशी राजापूरकर, संगमनेरकर. मिलम रावतांचं. यांचा धंदा तिबेटशी. इकडून धान्य, गूळ, कापड वर न्यायचं, तिकडून मीठ, लोकर, सुहागा म्हणजे टाकणखार खाली आणायचा. आणि वाहतूक कशाने, तर शेळ्या-मेंढ्यांनी! प्रत्येक जनावराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या छोट्या पिशव्या, त्यात काही शेर मीठ किंवा धान्य, आणि असे शेकडो प्राणी एका मागोमाग. म्हणजे ट्रकही तोच, लोकर देणाराही तोच.

वाट कुठून, तर मिलमच्या पुढे उंटाधुरा, मग जयंती, मग कुंगरी बिंगरी, तीन खिंडी, सगळ्या पाच हजार मीटरच्या वर, आणि मधे मुक्कामाला धड जागा नाही, म्हणून तिन्ही एका दमात पार करायच्या. आपण हिमाचलातली हंप्टा पास खिंड करून आलो की महिनाभर प्रोफाइल फोटो बदलत नाही. हे लोक पिढ्यानपिढ्या शेळ्या घेऊन, पोरंबाळं मिलमला ठेवून, तिबेटातल्या ग्यानिमाच्या बाजाराला जाऊन येत होते. प्रत्येक व्यापाऱ्याचा तिकडे एक ठरलेला तिबेटी मित्र, त्यालाच माल द्यायचा, त्याच्याचकडून घ्यायचा, बापाचा मित्र मुलाला वारशाने मिळायचा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दर उन्हाळ्यात व्यापार सुरू व्हायच्या आधी तिबेटकडून एक अधिकारी यायचा, सरजी म्हणायचे त्याला, तो इकडे येऊन खात्री करायचा की खाली कुठली साथ-बिथ नाहीये ना, लढाई नाहीये ना, मग खिंड उघडणार. कोविडमध्ये आपण जिल्ह्याच्या सीमेवर पास दाखवत उभे होतो तेव्हा मला तो सरजी आठवत होता.

आणि हे सगळं उन्हाळ्यातलं. इथेच तुमची गल्लत होते. मिलम हे बारमाही गाव कधी नव्हतंच. मे-जूनमध्ये वर यायचं, ऑक्टोबर संपता संपता खाली. मुनस्यारीच्या आसपास एक घर, काहींचं आणखी खाली तेजम, थलकडे एक घर, आणि जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत लोकर विकायची. तीन-तीन घरं एकेका कुटुंबाची. म्हणजे व्यापार भरात होता, गाव गजबजलेलं होतं, त्या काळातसुद्धा डिसेंबरात मिलमला गेलात तर कुलपंच दिसली असती आणि बर्फ. आपल्याकडचे धनगर पावसाच्या हिशोबाने मेंढरं घेऊन देश-कोकण करतात, त्यांचा रिकामा वाडा बघून आपण शाप शोधायला जातो का?

आता नैनसिंग. तुमच्यापैकी ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल, पण अनुभवावरून सांगते, फार थोड्यांना माहीत असतो.

पंडित नैनसिंग रावत, जन्म १८३०, मिलमच्या रावतांतला. आधी श्लागिंटवाइट नावाच्या जर्मन भावांबरोबर फिरला, मग मिलमच्या शाळेत मास्तर झाला, म्हणून 'पंडित'. १८६३ मध्ये इंग्रजांच्या सर्व्हे खात्याने त्याला आणि त्याचा चुलतभाऊ मणीसिंगला डेहराडूनला नेलं. अडचण अशी होती की तिबेट गोऱ्यांना आत घेत नव्हता आणि नकाशावर तिकडे नुसता पांढरा कागद. मग कॅप्टन माँटगोमेरीची आयडिया, की ज्यांना तिकडची भाषा येते, रीत माहीत आहे, चेहरा चालून जातो, अशा माणसांना मोजणी शिकवून पाठवायचं. दोन वर्षं त्यांना काय शिकवलं तर चालायला. खरंच. चढ असो उतार असो पाऊल एकाच मापाचं पडलं पाहिजे. दोन हजार पावलं म्हणजे साधारण एक मैल. आणि मोजायचं कशावर? जपमाळेवर. माळेत एकशे आठ मणी असतात, यांच्या माळेत शंभर. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. पूर्ण माळ झाली म्हणजे दहा हजार पावलं, पाच मैल. हातात तिबेटी लोकांसारखं फिरवायचं प्रार्थनाचक्र, पण आत मंत्राऐवजी नोंदींच्या चिठ्ठ्या. पारा कवड्यांत भरलेला, थर्मामीटर काठीत लपवलेला, पेटीला चोरकप्पा. कुणी जवळ आलं की मोठ्याने जप सुरू करायचा, जप करणाऱ्याला कोण कशाला हटकेल.

असा हा मास्तर १८६५ मध्ये नेपाळमार्गे निघाला आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून ल्हासाची उंची काढली, ती आजच्या आकड्याच्या बरीच जवळची. त्सांगपो म्हणजे तिबेटातल्या ब्रह्मपुत्रेच्या काठाने परत मानसरोवरापर्यंत. त्या एका फेरीत साधारण सोळाशे मैल, म्हणजे तीस लाखांच्या वर पावलं, मोजून. पुढे पुन्हा दोनदा गेला, एकदा सोन्याच्या खाणींकडे ठोक जालुंगला, शेवटी १८७३ ते ७५ मध्ये लेहहून निघून ल्हासा करून थेट आसामात उतरला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये सुवर्णपदक दिलं. आपल्या पोस्टाने तिकीट काढलं ते २००४ ला. त्याचाच नातेवाईक किशनसिंग, तोही मिलमचा, सर्व्हेच्या कागदावर नुसता 'ए-के', तो तर चार वर्षांवर फिरत होता, पार चीनच्या वाळवंटाच्या काठापर्यंत, आणि एकदा लुटारूंच्या भीतीने काफिल्याबरोबर घोड्यावर बसावं लागलं तर या पठ्ठ्याने घोड्याची पावलं मोजली.

मी २०२३ ला दुसऱ्यांदा गेले तेव्हा आईची तुळशीची माळ बरोबर नेली होती. आठ मणी दोऱ्याने वेगळे बांधून शंभर केले, म्हटलं बघू. बुर्फूहून बिल्जूकडे चालायला लागले, मोजत. सपाटच आहे बरं का ती वाट, वारा सोडला तर काही त्रास नाही. पहिले तीन-चार मणी नीट गेले. मग एक खेचर आडवं आलं, त्याला वाट दिली, परत सुरू. मग नंदादेवी पूर्वचा सुळका ढगातून बाहेर आला आणि मी "अगं ते बघ" म्हटलं की आकडा गेला. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला चौदाशेपर्यंत पोचले आणि विसरले की चौदावा मणी ओढलाय की ओढायचाय. एक मैलसुद्धा पूर्ण नाही. हा प्रयोग तुमच्या पोरांकडून करून घ्या, अंताक्षरीपेक्षा बरा. आणि तिथे करून घ्या, कारण त्या माणसाची पावलं तिथेच घडली, डेहराडूनच्या शिक्षणाच्या आधी, शेळ्यांच्या मागे चालून.

तर, गाव रिकामं का झालं. एका रात्रीत नाही, पण कारण एकच आणि ते सगळ्यांना माहीत असलेलं आहे. १९६२. युद्ध झालं, खिंडी बंद. बस. ज्या व्यापारावर ही शेकडो घरं उभी होती तो व्यापारच गेला. मिलमची मंडळी वर येऊन करणार काय? हळूहळू शेळ्या कमी झाल्या, मुलं शिकली, १९६७ मध्ये अनुसूचित जमातीत समावेश झाला, सरकारी नोकऱ्या, फौज, बँका, हल्द्वानी, डेहराडून, दिल्ली. तुमच्या माहितीतल्या एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याचं आडनाव पांगती किंवा धर्मशक्तू असेल तर विचारा, वरच्या कुठल्या तरी गावात आजोबांच्या घराच्या भिंती उभ्या असतील. छप्पर मात्र राहिलं नसेल, कारण पाथरांचं, म्हणजे दगडी फरशांचं, छप्पर दरवर्षी बर्फ गेल्यावर डागडुजी मागतं, दोन वर्षं माणूस आला नाही की पाथर सरकतात, पाणी आत, तुळई कुजते, मग संपलंच. भुतं-बितं काही नाही. कौलारू घरवाल्यांना हे समजावायला नको.

पण सगळेच गेले नाहीत हो. हे मला सांगायचंय, हेच सांगायला एवढं लिहिलं.

२०२३ ला मी मुद्दाम सप्टेंबरात गेले, पाऊस ओसरल्यावर. आधी मुनस्यारीत दोन दिवस थांबले. तिथे डॉ. शेरसिंग पांगती नावाच्या शिक्षकांनी स्वतःच्या घरात जमवलेलं छोटं संग्रहालय आहे, त्यांचं २०१७ मध्ये निधन झालं, पण संग्रहालय आहे, जुनी लाकडी भांडी, लोकरीचे कपडे, व्यापाराची मापं, तिबेटच्या वस्तू. तिथे त्या शेळ्यांच्या पाठीवरच्या पिशव्या हातात धरायला मिळाल्या आणि मग वरची वाट वेगळीच दिसायला लागली. तुमच्या प्रत्येक आयटिनररीत "दिवस दुसरा: मुनस्यारी आगमन व विश्रांती" असं असतं ना, त्या विश्रांतीतला एक तास इथे घाला. पंचचुलीची शिखरं काही पळून जात नाहीत.

आणि वर गेले तर काय, धूर! मिलममध्ये घरांच्या छपरातून धूर निघत होता. फार नाही, मोजकी घरं. फाफरची, म्हणजे कुट्टूची, गुलाबी शेतं कापणीला आलेली, बटाटे, ओल्या जंबूचा वास, तो आमटीला फोडणीत घालतात आणि एकदा खाल्लात की लसूण विसराल. वाळत घातलेली लोकर. एका घराच्या अंगणात सत्तरीच्या पुढची एक आमा, आमा म्हणजे आजी, उन्हात बसून दन विणत होती. दन म्हणजे गालिचा. खड्डी, म्हणजे माग, उभी, दोरे ताणलेले, प्रत्येक गाठ हाताने मारायची, सुरीने कापायची, मग लोखंडी पंजाने ठोकायची, ठक ठक ठक. तिच्या अंगठ्याच्या नखाला मधोमध खाच पडली होती, दोऱ्याने. मी विचारलं किती दिवस लागतात, तर म्हणाली, "इथे बसले तर दोन महिने, खाली बसले तर सहा, खाली टीव्ही आहे."

तिने 'ज्या' पाजली, म्हणजे नमकीन चहा, लोणी घालून. मला आवडला नाही, खोटं कशाला बोलू, पण दुसरा कप घेतला.

बोलता बोलता मी विचारलं की घर कुठलं. तिने हाताने मागे दाखवलं, "ते होतं, आता हे दिराचं वापरते, आमच्याला छप्पर नाही राहिलं." मी वळून बघितलं. गल्लीच्या कोपऱ्यावरचं घर. दार उजवीकडे, खिडकी डावीकडे, खिडकीच्या जागी नुसतं भोक आणि खाली तो मोठा चपटा दगड ज्याच्यावर २०११ ला आम्ही स्टोव्ह ठेवला होता. आमाचं चालूच होतं, की सासऱ्याने बांधलं, लाकूड खालून माणसांच्या पाठीवर आणलं, कोरायला मिस्त्री दोन उन्हाळे इथेच राहिला होता. "चौकट चांगली होती. पोरगा म्हणाला होता, काढून खाली नेऊ. पुढच्या वर्षी आलो तर नव्हती. ट्रेकिंगवाले जाळतात." रागाने नाही म्हणाली. आपण कसं म्हणतो की गावात माकडं फणस नासवतात, तसं.

मी काही बोलले नाही. सांगायला हवं होतं. तोंडातून शब्दच फुटला नाही, मी तिच्याकडून एक आसन विकत घेतलं, सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे दिले आणि निघाले, आणि ते जास्तीचे पैसे तिने मोजून मला परत केले.

आता तुम्हाला काय सांगायचंय. पहिलं, ते 'भुताचं गाव' काढा. तुमच्या पोस्टरवरून, कॅप्शनमधून, गाडीतल्या माइकवरून. मार्केटिंग लागतं, कळतं मला, ट्रेकचा धंदा सोपा नाहीये, पण ज्या गावात नैनसिंग मास्तर होता त्या गावाला विकायला भूत लागत असेल तर कॉपी लिहिणारा बदला. आणि हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही. तुम्ही गावाला भुताचं म्हटलंत की तिथलं काहीच कुणाचंच नाही असं पोरांना वाटतं, आम्हाला वाटलं तसं. मग चौकट जळते, दाराची कडी सुव्हेनिर म्हणून सॅकमध्ये जाते, भिंतीवर नावं लिहिली जातात. कुलूप लावलेलं घर म्हणजे मालक असलेलं घर, एवढं एक वाक्य ब्रीफिंगमध्ये घाला ना.

दुसरं, तारखा. दिवाळीची बॅच लावायची असेल तर लावा, हवा स्वच्छ असते, शिखरं मस्त दिसतात, पण मग पब्लिकला आधीच सांगा की गाव खाली उतरलंय, मायग्रेशन झालंय. आणि जमलं तर एक तरी बॅच जूनमध्ये किंवा सप्टेंबरात न्या, माणसं असताना. तेव्हा तंबू बाजूला ठेवून कुणाच्या घरात राहा, पैसे थेट त्या घरात द्या, राजमा तिथला खा. मुनस्यारीच्या राजम्याला जीआय टॅग आहे आणि आपण वर दिल्लीहून नेलेले नूडल्स उकळतो, हा काय प्रकार आहे. कीडाजडी, म्हणजे ती महागडी औषधी बुरशी, मात्र कुणी हळूच दाखवली तर घेऊ नका, त्याच्या भानगडी वेगळ्या आहेत आणि त्यात पाहुण्याने पडू नये.

तिसरं म्हणजे रस्ता. मुनस्यारी ते मिलम रस्त्याचं काम किती वर्षं चाललंय ते तुम्ही बघताच आहात. मधल्या कड्यांत मशिनं नेता येईनात म्हणून हेलिकॉप्टरने वर नेली, २०२० च्या जूनमध्ये मुनस्यारीजवळचा एक बेली पूल, म्हणजे जोडून उभा करायचा लोखंडी पूल, तर मशीन घेऊन चाललेल्या ट्रकसकट नाल्यात गेला आणि आठवड्याच्या आत परत उभा केला. सीमा जवळ आहे, रस्ता होणारच, आणि व्हायलाच पाहिजे, आमाला गुडघे दुखले तर तिने साठ किलोमीटर चालावं आणि आम्हाला निसर्ग मिळावा असं म्हणणारी मी नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिकडे निघालेल्या मुख्य निवडणूक आयुक्तांच्या हेलिकॉप्टरला खराब हवेमुळे वाटेत रालम गावात उतरावं लागलं आणि त्यांनी रात्र तिथेच काढली, त्यावरून कळेल की हवाई मार्गाचासुद्धा भरवसा नाही. पण रस्ता पोचला की तुमच्या बॅचा पन्नासच्या पाचशे होणार, टेंपो ट्रॅव्हलर थेट गल्लीच्या तोंडाशी, आणि तेव्हा जर डोक्यात भुताचं गावच असेल तर उरलेल्या चौकटी एका सीझनच्या आहेत. म्हणून आत्ताच बोलतेय.

ज्यांचं घर रस्त्यामुळे पुन्हा उभं राहणार आहे त्यांचंही ऐका हं. खाली उतरताना मला एक तरुण भेटला, बँकेत नोकरीला, सुट्टी काढून आलेला, पत्रे आणि सिमेंटच्या गोणी खेचरांवर लादून बिल्जूकडे चाललेला. म्हणाला, आजोबांच्या घराला छप्पर घालतोय. मी म्हटलं पाथरांचं का नाही, कसं सुंदर दिसतं. तो म्हणाला, "दीदी, पाथर बसवणारा माणूस दाखवा, मी उद्या बसवतो." मी गप्प. आमच्या काकांचे पत्रे आठवले.

शेवटचं, आणि हे जरा वैयक्तिक काम आहे. २०११ च्या त्या ट्रेकचे फोटो परवा जुन्या हार्डडिस्कमध्ये सापडले. त्यात एक संध्याकाळचा आहे, शेकोटीच्या आधीचा. आम्ही चौघं वेड्यासारखे दात काढून उभे आहोत आणि मागे ते कोपऱ्यावरचं घर. दाराची चौकट अख्खी दिसते, वरच्या पट्टीवर वेल, दोन्ही बाजूंना एकेक मोर, आणि खिडकीची चौकट खाली पडलेली, पण पूर्ण. झूम केलं तर कोरीव काम नीट मोजता येतं. मी त्याची मोठी प्रिंट काढून घेतली आहे, आम्हा चौघांना कापून, फक्त घर. मागे आमासाठी काय लिहायचं ते लिहिलंय. पोस्टाने पाठवायला पत्ता नाही, आमाचं नाव मी विचारलंच नव्हतं, पण मिलमला गेलं की कुणीही सांगेल, दन विणणारी, दिराच्या घरात राहणारी.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा मला जमणार नाही. तुमच्यापैकी कुणाची जून किंवा सप्टेंबरची बॅच जात असेल तर मला कळवा, ठाणे, दादर, पुणे, जिथे म्हणाल तिथे आणून देते. प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून ठेवलीये, सॅकच्या बाजूला अडकेल, वजन काही नाही.

तुमची,
दोनदा मिलमला गेलेली एक डोंबिवलीकर